डब्लिनचा घोडा आणि त्यामागचं नाणं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात टांकसाळींबद्दल लिहिलं आणि तुमच्या मेलचा पाऊसच पडला, सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, पण त्यातला एक प्रश्न असा होता की अख्खा कॉलम त्याच्याभोवतीच फिरवावा असं वाटलं. तो आधी घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी डब्लिनला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या आजींनी तिला एक चांदीचं नाणं भेट दिलं, दिवाळीला आली तेव्हा ते आमच्याकडे ठेवून गेली. एका बाजूला हार्प (तारांचं वाद्य) आहे, दुसऱ्या बाजूला घोडा, साल २०१० आणि किंमत १५ युरो. आमच्या ह्यांचं म्हणणं की १५ युरोचं नाणं असतंच कुठे, खोटं असणार. आणि घोड्याचा आयर्लंडशी संबंध काय? आजी म्हणाल्या म्हणे की "हा आमचा जुना घोडा आहे", म्हणजे काय ते मुलीलाही कळलं नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : १५ युरो लिहिलंय म्हणून ते खोटं, असं अजिबात समजू नका. आयर्लंडच्या सेंट्रल बँकेने २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं १५ युरोची चांदीची नाणी काढली, पहिल्यावर घोडा, दुसऱ्यावर सामन मासा आणि तिसऱ्यावर वुल्फहाउंड जातीचा उंच शिकारी कुत्रा. वर्णनावरून तुमच्याकडे त्यातलं पहिलं आलंय. १५ हा आकडा विचित्र वाटतो कारण युरो वापरणाऱ्या देशांत संग्राहकांसाठी नाणं काढायचं तर त्याची किंमत रोजच्या वापरातल्या नाण्यांपेक्षा वेगळी ठेवावी लागते, म्हणजे गल्ल्यात गोंधळ होत नाही. आणि असं नाणं फक्त ज्या देशाने काढलं त्याच देशात कायदेशीर चलन असतं, पॅरिसच्या दुकानात तुमचा घोडा चालणार नाही. (आपल्याकडेही ७५, ९०, १२५, १५० रुपयांची नाणी निघतात ना, तसंच.)

आता आजींचं "आमचा जुना घोडा". हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण ही तीन नाणी कुठल्या घोड्यासाठी किंवा माशासाठी निघालेलीच नाहीत, ती देशाच्या जुन्या नाण्यांच्या आठवणीसाठी निघालीयत. नाण्याने नाण्याला दिलेला मान. आणि ती जुनी नाणी खरोखर तेवढ्या मानाची होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९२२ मध्ये ब्रिटनपासून सुटून आयरिश फ्री स्टेट, म्हणजे स्वतःचं सरकार असलेलं आयर्लंड, झालं तरी लोकांच्या खिशात ब्रिटिश राजाच्या तोंडाचीच नाणी होती. १९२६ साली नाण्यांचा कायदा झाला आणि नवीन नाण्यांवर काय असावं हे ठरवायला एक समिती नेमली, अध्यक्ष कोण, तर डब्ल्यू. बी. येट्स, तोच कवी, ज्याला १९२३ चं नोबेल मिळालं आणि जो तेव्हा तिथल्या सिनेटचा सदस्य होता. सरकारने अटी घातल्या तीन : एका बाजूला हार्प हवा, अक्षरं फक्त आयरिश भाषेतली हवीत आणि आजच्या काळातल्या कुठल्याही माणसाचा चेहरा नको. ही तिसरी अट मला सगळ्यात जास्त आवडते. नुकतं स्वातंत्र्य मिळालेलं, वर यादवी युद्धही होऊन गेलेलं, अशा वेळी एखाद्या पुढाऱ्याचं तोंड छापलं असतं तर अर्ध्या देशाने ते नाणं नाईलाजानेच हातात घेतलं असतं.

मग समितीने शॅमरॉक हे तीन पानांचं रोप, गोल मनोरे वगैरे नेहमीची चिन्हं बाजूला ठेवली आणि ठरवलं की प्राणी घ्यायचे, ज्यांच्यावर हा शेतकऱ्यांचा देश जगतो ते प्राणी. येट्सच्या डोळ्यांसमोर प्राचीन ग्रीक शहरांची नाणी होती, लारिसाचा घोडा, थुरीचा बैल, मेसानाचा ससा, आणि त्यांचे फोटोच कलाकारांना पाठवले की बघा, इतकं साधं आणि इतकं जिवंत हवंय. आयर्लंड, इंग्लंड, स्वीडन, इटली, अमेरिका अशा ठिकाणचे सात शिल्पकार स्पर्धेत होते. (युगोस्लाव्हियाचे मेश्ट्रोविच यांनाही बोलावलं होतं पण पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि ते पोचेपर्यंत मुदत संपलेली, तरी त्या माणसाने हार्पचं एक सुंदर डिझाइन करून आयर्लंडला भेट दिलं.) मॉडेल्सवर नावं नव्हती. निवड झाली ती सगळीच्या सगळी एकाच माणसाच्या कामाची, पर्सी मेटकाफ, इंग्लंडच्या यॉर्कशायरचा. म्हणजे ज्यांच्यापासून सुटका करून घेतली त्यांच्याच देशातला माणूस! समितीने तरी निर्णय बदलला नाही, चांगलं काम ते चांगलं काम. यासाठी किती धाडस लागलं असेल याचा विचार करा.

१२ डिसेंबर १९२८ ला नाणी आली, आठ. पाव पेनीच्या फार्दिंगवर वुडकॉक पक्षी, अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण, पेनीवर कोंबडी आणि तिची पिल्लं, तीन पेन्सवर ससा, सहा पेन्सवर वुल्फहाउंड, शिलिंगवर बैल, दोन शिलिंगच्या फ्लोरिनवर सामन आणि अडीच शिलिंगच्या हाफ क्राउनवर घोडा. सगळ्यात मोठं नाणं घोड्याचं. शिलिंग, फ्लोरिन आणि हाफ क्राउन या तिन्हींत ७५ टक्के चांदी होती, तेव्हा खुद्द ब्रिटनने आपल्या नाण्यांतली चांदी ५० टक्क्यांवर आणलेली होती, म्हणजे नवा गरीब देश जुन्या साम्राज्यापेक्षा चोख नाणं देत होता.

लोकांना लगेच आवडली का? छे. काही धर्मगुरूंना त्यात देव कुठेच दिसेना, नुसते प्राणी म्हणजे हे काय मूर्तिपूजकांचं चलन आहे का अशी टीका झाली. डुकरावरून तर जास्तच दुखावले कारण इंग्लंडमधली व्यंगचित्रं आयरिश माणसाला वर्षानुवर्षं डुकराबरोबर दाखवत आलेली. मॉड गॉन, जिच्यावर येट्सने जन्मभर प्रेम केलं, तिने लिहिलं की इंग्रजाने काढलेली, इंग्लंडमध्ये पाडलेली, इंग्रजी मूल्यांची आणि पैसे मात्र आयरिश जनतेचे, अशी ही नाणी या सरकारला अगदी शोभतात. आणि शेतीखात्याच्या तज्ज्ञांचं तिसरंच, त्यांना बैल आणि डुक्कर जातिवंत दिसायला हवे होते, शेतकऱ्यांपुढे आदर्श जनावर गेलं पाहिजे म्हणून! मेटकाफला दोन्ही बदलावे लागले. येट्सला पहिला बैल अप्रतिम वाटला होता आणि पहिल्या डुकराचे गुबगुबीत गाल, वर केलेली मान आणि तो शहाणा उर्मट भाव गेला याची त्याला हळहळ होती. मला त्या खात्याचा राग येत नाही खरं सांगायचं तर. ज्या देशात कृषी अधिकारी नाण्यावरचं डुक्कर इतकं निरखून बघतात तिथे नाणं म्हणजे नुसता धातूचा तुकडा मानला जात नव्हता हे तर दिसतं.

आणि मग तीच नाणी लोकांनी इतकी आपली केली की १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली तरी ती पूर्णपणे जाऊ दिली नाहीत. शिलिंगचा बैल ५ पेन्सवर गेला, सामन १० पेन्सवर, आणि सगळ्यात हलक्या फार्दिंगवरचा वुडकॉक एकदम ५० पेन्सच्या मोठ्या नाण्यावर जाऊन बसला. घोडा मात्र बाहेरच राहिला. हाफ क्राउन आधीच बंद झालेलं. तो परत आला १९८६ मध्ये, २० पेन्सच्या नव्या नाण्यावर. मग १ जानेवारी २००२ ला युरो आला, ९ फेब्रुवारी २००२ ला आयरिश पाउंडाची कायदेशीर मुदत संपली, आणि आयर्लंडच्या आठही युरो नाण्यांवर एकच चित्र, हार्प. घोडा, बैल, मासा, पक्षी, सगळे एका झटक्यात खिशातून गेले.

आता आजींचं वाक्य परत वाचा. त्यांनी लहानपणी हातात हाफ क्राउन धरला असेल, मोठेपणी २० पेन्स, आणि मग आठ वर्षं काहीच नाही, आणि २०१० ला बँकेने घोडा परत दिला. ती भेट त्यांनी तुमच्या मुलीला दिलीय. ह्यांना सांगा, जपून ठेवा म्हणावं.

प्रश्न : स्मारक नाणी म्हणजे नेत्यांचे चेहरे आणि कुठल्यातरी संस्थेची पन्नाशी, एवढंच बघत आलोय. जुन्या नाण्याची आठवण ठेवणारं नाणं आपल्या भारताने कधी काढलंय का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थेट उत्तर थोडं निराश करणारं आहे, पण आडवळणाने एक फार छान गोष्ट सापडते. रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षं झाली तेव्हा २०१० ला ७५ रुपयांचं नाणं निघालं आणि ९० वर्षांच्या निमित्ताने १ एप्रिल २०२४ ला मुंबईत ९० रुपयांचं, ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं. दोन्हींवर बँकेचं बोधचिन्ह आहे, वाघ आणि ताडाचं झाड. हे चिन्ह आलं कुठून? ईस्ट इंडिया कंपनीच्या सोन्याच्या डबल मोहरेवरून, १८३५ ची, चौथ्या विल्यमच्या नावाची, तिच्यावर सिंह आणि ताड होता. १९३५ मध्ये बँक सुरू होताना ठरलं की झाड राहू दे पण सिंहाऐवजी आपला वाघ घेऊ. मग कलकत्त्याच्या बेल्व्हेडियर वाड्याच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता त्याचे फोटो काढून त्यावरून चित्र करवलं, आणि तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना ते बघून काळजी पडली की हा वाघ कुत्र्यासारखा दिसतोय, लोक हसतील. येट्सचं डुक्कर आणि टेलरसाहेबांचा वाघ, काळही जवळजवळ तोच. तर ७५ आणि ९० रुपयांच्या नाण्यांवर एक जुनं नाणं लपलेलं आहे, फक्त ते तसं कुणी सांगत नाही.

पण मनापासून जे वाटतं ते लिहितेच. आपल्याकडे यासाठी सोन्यासारखा विषय पडून आहे. १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली, राजाचं डोकं जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि मागच्या बाजूला? एका पैशावर दौडणारा घोडा, अर्धा आणा, एक आणा आणि दोन आण्यांवर बैल, आणि पावली, अधेली, रुपयावर गव्हाच्या ओंब्या. घोडा आणि बैल आपणही घेतले होते! सिंहांच्या खालच्या पट्टीवरही तेच दोन दिसतात, नीट बघा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १६ आण्यांचा हिशोब संपला, घोडा आणि बैल सातच वर्षं टिकले. ज्यांनी एक पैशाची गोळी घेतली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या हयातीत एखादं नाणं त्या घोड्यासाठी निघावं असं मला फार वाटतं. शिवराईसाठीही वाटतं. १९९९ मध्ये शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं, घराघरात पोचलं, त्यावर महाराजांची छबी आहे, पण त्यांनी स्वतः पाडलेला होन किंवा शिवराई, ती ठसठशीत "श्री राजा शिव" आणि मागे "छत्रपति" ही अक्षरं, तीही एकदा नव्या धातूवर उठलेली बघायला मिळायला हवीत. मुंबईची टांकसाळ फोर्टात आजही नाणी पाडते, तिथून असं नाणं बाहेर यावं यापेक्षा योग्य जागा कुठली?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासऱ्यांनी नातवासाठी २०१६ चं एक छोटं सोन्याचं नाणं घेतलं होतं, पंखांची टोपी घातलेला चेहरा आहे आणि "वन डाइम" लिहिलंय. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, तो सोन्याचा कसा? — एक वाचक, एडिसन

उत्तर : हाही त्याच घराण्यातला प्रकार. १९१६ साली अमेरिकेने डाइम, पाव डॉलरचा क्वार्टर आणि हाफ डॉलर तिन्हींची चित्रं एका वर्षात बदलली, डाइम आणि हाफ डॉलर अॅडॉल्फ वाइनमन यांचे, क्वार्टर हर्मन मॅकनील यांचा, आणि जाणकारांच्या मते तो अमेरिकन नाण्यांचा सगळ्यात देखणा काळ होता. शंभर वर्षं झाली म्हणून २०१६ मध्ये तीच तीन नाणी त्यांनी सोन्यात पाडली, डाइममध्ये एक दशांश औंस सोनं, क्वार्टरमध्ये पाव, हाफ डॉलरमध्ये अर्धा. जुना डाइम चांदीचा होता, ९० टक्के. लोक त्याला मर्क्युरी डाइम म्हणतात पण तो मर्क्युरी देव नाहीच, ती लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता आहे आणि टोपीचे पंख म्हणजे विचारांचं स्वातंत्र्य. नातवाला एक काम द्या, १९४५ पर्यंतचा एखादा खरा जुना डाइम मिळवायला सांगा, तिकडे वापरून झिजलेला डाइम फार महाग मिळत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघू दे. सोन्याच्या नाण्यापेक्षा त्याला त्या झिजलेल्यातच जास्त मजा येईल असं मला वाटतं.

लॅटव्हियाचंही जाता जाता सांगते. त्यांच्या १९२९ च्या पाच लाट्सच्या (लाट्स हे त्यांचं जुनं चलन) चांदीच्या नाण्यावर लोकवेशातली एक मुलगी होती, लोक तिला मिल्डा म्हणत. सोव्हिएत काळात ते नाणं घरात लपवून ठेवणं म्हणजे देश लपवून ठेवणं होतं. २०१४ ला युरो घेताना त्यांनी तीच मिल्डा १ आणि २ युरोच्या रोजच्या नाण्यांवर आणली. वेगळं स्मारक नाणं काढायची गरजच ठेवली नाही, रोज भाजी घेताना ती हातात येते. सगळ्यात चांगला मार्ग हाच, माझ्या मते.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर सारखं येतं की जुनी नाणी द्या आणि लाखो रुपये घ्या. माझ्याकडे आजोबांचा डबा आहे, त्यात भोकाचे पैसे, १९५० चे आणे आणि काही परदेशी नाणी आहेत, त्यात एक आयरिश घोडाही आहे, १९४० चा. काळी पडलीयत. घासून फोटो टाकू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : घासू नका. हे मी ओरडून सांगतेय असं समजा. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. नाण्याचा वरचा थर एकदा गेला की तो परत येत नाही आणि जाणकार घेणारा ते एका नजरेत ओळखतो, मग किंमत अर्ध्याहून खाली. फार धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपून घ्या, बस. ठेवताना साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही प्लास्टिक वर्षानुवर्षांनी हिरवट चिकट होतं आणि ते नाण्याला खातं. हातात घ्यायचं ते नेहमी कडेला धरून.

सांगलीच्या ताईंनाही हेच, उलट जास्तच. त्यांचं प्रूफ नाणं आहे, म्हणजे घासून आरशासारख्या केलेल्या साच्यातून एकापेक्षा जास्त वेळा दाबून काढलेलं, त्यावर अंगठा टेकला तर तो ठसा कायमचा राहू शकतो. डबी उघडून बघा, नाणं प्लास्टिकच्या गोल कवचातून बाहेर काढू नका.

लाखो रुपयांचं म्हणाल तर बहुतेक मेसेज फसवणुकीचे असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही, कुणालाही तिच्या नावाने कमिशन किंवा टॅक्स घ्यायचा अधिकार दिलेला नाही. "आधी प्रोसेसिंग फी भरा" म्हटलं की फोन ठेवायचा. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ इतका पाडला गेलाय की तो अजूनही घरोघरी सापडतो, त्याचे लाख कुणी देत नाही.

तुमच्या आयरिश घोड्याचं साल मात्र परत एकदा भिंगाखाली बघा. १९४० असेल तर त्यात ७५ टक्के चांदी आहे आणि ते छान पण सहज मिळणारं नाणं आहे. शेवटचा आकडा ० नसून ३ निघाला तर गोष्ट वेगळी, १९४३ ची हाफ क्राउन आणि फ्लोरिन बहुतेक वितळवली गेली, थोडीच बाहेर राहिली, आणि त्यांची नकली नाणीही असतात, त्यामुळे तसं झालं तर कुणालाही फोटो पाठवायच्या आधी जवळच्या नाणेसंग्राहकांच्या संस्थेत नेऊन वजन करून घ्या, हाफ क्राउनचं वजन १४ ग्रॅमच्या किंचित वर भरतं.